देऊळ की मंडळी

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

नाव ठरवा म्हणे! इतकं सोपं असतं तर!

उपासना संपली होती. लोक चपला शोधत होते. तेवढ्यात पाळकसाहेबांनी खिशातून पत्र काढलं — वरच्या ऑफिसचं. रत्नागिरीत आपल्या चर्चच्या दोन मंडळ्या, आम्ही अठरा घरं आणि ते चौदा घरं. यापुढे दोन्हींना मिळून एकच पाळक, कायमचा, इथेच राहणारा. मात्र दोघांनी एक व्हायचं. एक नाव, सभासदांची एक यादी — तीस तारखेच्या आत. नाही जमलं तर पाळक दुसऱ्या गावाला, आणि आम्हाला महिन्यातून एकदा कोणीतरी बाहेरून येऊन प्रभूभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देऊन जाणार.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिटणीस मी! बावीस वर्षं चिटणीस. शाळेतून सुटले तीन वर्षांमागे, पण इथून सुटका नाही. 'बाई बघतील' म्हणाले आणि पांगले.

घरी येऊन आईला सांगितलं. शहाऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येतं, पण हे बरोब्बर ऐकलं. म्हणाली, "म्हणजे रूपेश आणि तू एका बाकावर? माझ्या डोळ्यांदेखत?"

मी भात टाकायला आत गेले.

सोमवार, ३ नोव्हेंबर

लिहून काढते. डोकं तरी हलकं होईल.

आमचं नाव 'शांती देऊळ'. दारावर जांभ्यात कोरलेलं आहे, दर पावसाळ्यात शेवाळ धरतं, दर दिवाळीनंतर आम्ही घासतो. आमच्यातली जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात. आजोबा म्हणायचे, बाबा म्हणायचे. 'देवळात चल गो संध्या, घंटा झाली.' त्यात काही वेगळं आहे असं मला मोठी होईपर्यंत वाटलंच नाही.

रूपेशला वाटलं. माझा धाकटा भाऊ. आठ वर्षं मुंबईत नोकरी करून परत आला, तिथले लोक हसतात म्हणे — 'देऊळ? आत कुठला देव बसवलाय?' २००६ च्या ऑगस्टमध्ये सभेत उभा राहिला. देऊळ काढा, मंडळी लिहा. देऊळ दगडांचं असतं, मंडळी माणसांची. बाबा पंच होते. बाबा तापले, तो त्याहून तापला. बापलेक सगळ्यांसमोर एकमेकांना नको नको ते बोलले. मग नाताळ झाल्यावर त्याने मिरकरवाड्यात, होड्यांची इंजिनं दुरुस्त करायच्या स्वतःच्या वर्कशॉपच्या वरच्या खोलीत वेगळी मंडळी काढली. बारा घरं गेली त्याच्याबरोबर.

नाव काय ठेवलं? बंधुप्रेम मंडळी!

शांती देवळात भांडण झालं, आणि भांडून निघाले त्यांचं नाव बंधुप्रेम. हसावं की रडावं! आणि बहिणीचं काय? एका गावात राहून एकोणीस वर्षं आम्ही बोलत नाही. बाजारात समोर आलो तर तो कोलंबी बघतो, मी बांगडे बघते. आई एक रविवार इकडे, एक रविवार तिकडे, रिक्षाने. हल्ली रिक्षात चढताना तिचा पाय उचलत नाही, दोघांनी धरावं लागतं.

बुधवार, ५ नोव्हेंबर

गुडघे. आईचा खोकला. दिवसभर फोन — 'बाई, नाव ठरलं का?' नाही ठरलं!

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

पाळकसाहेब घरी आले. स्वरूप त्यांचं नाव, देशावरचे, एकतीस वर्षांचे. माझ्या हाताखालून गेलेली पोरं याहून मोठी आहेत. तरी साहेब म्हणायचं!

चहा घेताना स्वतःचीच गोष्ट सांगून हसले. पहिल्यांदा एसटीने उतरले तेव्हा रिक्षावाल्याला म्हणाले, ख्रिस्ती देवळात सोडा. त्याने 'देवळात' एवढंच ऐकलं आणि नेऊन सोडलं मारुती मंदिर स्टॉपला, भर चौकात! बॅग घेऊन अर्धा तास उभे. "मला वाटलं, रत्नागिरीत चर्च असंच रस्त्यात मधोमध आहे की काय." आई इतकी हसली की खोकला आला.

मग कामाचं बोलले. "बाई, फुटायच्या आधीचं जुनं रजिस्टर लागेल. दोन्हीकडची माणसं त्यातलीच ना? त्यावरूनच एकत्र यादी करू. म्हणजे नवे कोण, जुने कोण, असला वादच नको."

"त्याला वाळवी लागली," मी म्हटलं.

"सगळ्याला?"

"कोकणातली वाळवी अर्धं ठेवते काय साहेब?"

ते हसले. मीही हसले. रजिस्टर कपाटात आहे, साड्यांच्या खाली, धडधाकट. आई समोर बसून शेंगा सोलत होती. तिने ऐकलं की नाही, कळायला मार्ग नाही.

पाळकाशी खोटं बोलले. एकसष्टाव्या वर्षी! आणि मग चहाचे कप विसळत बसले.

रविवार, ९ नोव्हेंबर

दोन्ही मंडळ्यांची पहिली सभा. आमच्याकडे. ते लोक एकोणीस वर्षांनी दारातून आत आले, आणि बसले सगळे डावीकडे, एका गठ्ठ्याने. आमचे उजवीकडे. मधल्या वाटेतून पाळकसाहेब फेऱ्या घालत होते.

मी म्हटलं, नावं सुचवा, मी लिहून घेते.

मग काय! त्यांच्यातला ओमकार उठला, बँकेत आहे, बोलतो चांगलं. म्हणाला, देऊळ हा शब्द आता ठेवू नये. उद्या कोणी आडवं विचारलं, हा शब्द तुम्ही का घेतलात, लोकांना फसवता काय, तर काय उत्तर देणार? दिवस कसे आहेत बघा.

आमच्या धोंडूबाई बसल्या जागेवरून ओरडल्या. "माज्या आजीच्या तोंडचा शब्द माजा नाय, तर कोनाचा रे? ती मेली तवा काय बोलली ठाव हाय? मला देवळात न्या, बोलली. चर्चात न्या नाय बोलली!"

ओमकार म्हणाला, आजी, मग चर्च तरी लिहू. त्यावर धोंडूबाई म्हणाल्या, "चर्च इंग्लिश हाय. मी इंग्लिश हाय काय?" दोन्ही बाजू हसल्या. सभेत तेवढाच एक क्षण बरा गेला.

कोणीतरी म्हणालं, बेथेल ठेवा, पवित्र शास्त्रातलं आहे, कोणाची हरकत नाही. मला राहवलं नाही. म्हटलं, बेथेल म्हणजे काय? देवाचं घर. आणि देऊळ म्हणजे काय? देवाचंच घर! परक्या भाषेत चालतं आणि आपल्या भाषेत चालत नाही, असं का?

मग रूपेश उठला. केस पिकलेत. हाताच्या रेषांतलं ग्रीस उपासनेलाही जात नाही त्याचं. तो पाळकसाहेबांकडे बघून म्हणाला, "चिटणीसबाईंना सांगा, घर कोणाचं हा प्रश्नच नाय. घरात घेतात कोणाला, तो प्रश्न हाय."

चिटणीसबाई! मी लिहीत होते ती ओळ तिरकी गेली. सभा साडेबाराला मोडली. काहीही ठरलं नाही.

सोमवार, १० नोव्हेंबर

नेत्राने — रूपेशच्या मुलीने — व्हॉट्सअॅपवर ग्रुप काढला. 'आपलं नाव सुचवा'. मलाही घातलं. सकाळपासून फोन टुंगटुंग करतोय.

आत्तापर्यंत आलेली: सियोन. बेथेल. एबेन-एजर. मारानाथा. नवजीवन. ग्रेस. न्यू होप. रिव्हायव्हल फायर! (धोंडूबाईंच्या नातवाचं. रत्नागिरीच्या मे महिन्यात आणखी फायर कशाला?) एक 'एकता मंडळी'. एकता कोणी सुचवावी? ज्या दोन घरांचं अंगणातल्या माडावरून कोर्टात चाललंय, त्यातल्या एकाने!

दुपारी पडल्या पडल्या विचार करत होते. पूर्वीचे लोक पत्ता सांगितल्यासारखं नाव ठेवत. अमुक गावची मंडळी. झालं. मग कोणी संताचं नाव ठेवलं, कोणी डोंगराचं. आणि मग आलं हे — शांती, प्रेम, एकता, आशा. ज्याला जे कमी पडतं ते तो दारावर लिहितो, असं मला वाटायला लागलंय. तसं असेल तर आम्ही खरं नाव लिहायला हवं: 'न बोलणाऱ्यांची मंडळी'. ग्रुपवर टाकलं नाही अर्थात.

आईचं नाव तुळसा. लग्नाआधी बाप्तिस्मा झाला तेव्हाच्या पाळकांनी विचारलं, मार्था ठेवू या का? आई म्हणाली, "ठेवा. पण मार्था म्हणून हाक मारलीत तर मी मागे वळून बघणार नाय." तुळसाच राहिली. रजिस्टरात क्रमांक तेरा, तुळसा.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

रविवारी एकत्र उपासना आहे म्हणून बाबूकडे कापडी फलक रंगवायला दिला होता. बाबू म्हणजे आमच्या गल्लीतला पेंटर. फ्लेक्सचा जमाना आला तरी हा हाताने रंगवतो, अक्षर मोत्यासारखं. चिठ्ठीवर स्वच्छ लिहून दिलं होतं: 'शांती देऊळ व बंधुप्रेम मंडळी — संयुक्त उपासना, रविवारी सकाळी ९'.

सकाळी बघते तर गेटवर फलक लागलेला: 'शांती देऊळ व बंधुप्रेम मंडळ'!

"बाबू, मंडळ नाय रे, मंडळी!"

"बाई, मला वाटलं तुमची चूक झाली. मंडळी म्हणजे घरवाली ना? आमची मंडळी माहेरी गेली, असं बोलतो ना आपण? बंधुप्रेम मंडळी म्हणजे भावाची बायको होईल! म्हणून मी सुधारलं."

"आणि ही संयुक्त उपासना?"

"ती लिवली की. मंडळाचा कार्यक्रम."

मी तिथे गेटला टेकून इतकी हसले की गुडघ्यांचं विसरले. मग एक वेलांटी रंगवायला त्याने दुपारपर्यंत वेळ घेतला. पण तोवर व्हायचं ते झालं. दोन फोन आले, सोंगांचे खेळ करणारं नमन मंडळ समजून — नमन किती वाजता, गणपतीच्या सोंगापासून बघायला मिळेल काय. एकाने तर पुढल्या शिमग्याचं बुकिंग विचारलं!

हे कोणाला सांगावं म्हणून घरात आले, आणि एकदम आठवलं — असल्या गोष्टीवर सगळ्यात जास्त हसणारा माणूस रूपेश. लहानपणी जेवताना हसून हसून त्याच्या नाकातून कढी यायची. आईला सांगितलं. ती हसली. पण रूपेशबरोबरचं हसणं ते नव्हतं.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

काही नाही. कंटाळा.

रविवार, १६ नोव्हेंबर

उपासना झाली. गीतं दोन्हीकडची, म्हणून लांबली. त्यांच्याकडे टाळ्या वाजवतात, आमच्याकडे नाही. पहिल्या गीताला अर्धं देऊळ वाजत होतं, अर्धं बघत होतं. तिसऱ्या गीताला धोंडूबाईंनी टाळी सुरू केली. मग काय बोलणार!

आई कोणाच्याच बाकावर बसली नाही. मी हात धरून उजवीकडे नेत होते, डावीकडून दर्शना — रूपेशची बायको — उठून पुढे आली. आई दोघींचे हात सोडवून उभीच राहिली. म्हणाली, "मला खुर्ची द्या." प्लास्टिकची खुर्ची आणली. ती मधल्या वाटेत ठेवायला लावली आणि तिथे बसली. दीड तास! येणाऱ्या-जाणाऱ्याला अडचण, पाळकसाहेब अंग चोरून बाजूने जात होते. 

घरी आल्यावर मी म्हटलं, काय हे आई, लोक काय म्हणतील?

"लोक गेले तिकडे. मी आणखी किती रविवार बघणार? तुम्ही नाव काय ते ठेवा. भोपळा ठेवा! मला मरायच्या आधी दोन बाजूंना दोन पोरं हवीत. दुसरं काय मागतंय मी?"

मग जेवली नाही. पेज करून दिली, दोन घोट घेतले.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज नेत्रा आली. घरी! पहिल्यांदा. आजीसाठी खोकल्याचं औषध घेऊन आली. एकवीस वर्षांची झाली पोर, फार्मसीचं शेवटचं वर्ष. हनुवटी अगदी बाबांची. मी नुसती बघत राहिले.

आई झोपल्यावर ओट्याशी माझ्याजवळ उभी राहिली. "आत्या, एक विचारू? पप्पा सांगतात, देऊळ या नावावरून आम्ही निघालो."

"तेच खरं."

"पण आज्जी सांगते की पप्पा ऑगस्टमध्ये भांडले आणि नाताळला परत आले होते. नवा शर्ट घालून, मम्मीला आणि मला घेऊन. प्रभूभोजनाआधीच उठून गेले. दारावरचं नाव तर तेव्हाही तेच होतं ना? मग आले का? आणि आले तर गेले का?"

हुशार आहे. आमच्या बत्तीस घरांत एकोणीस वर्षांत हे कोणाला सुचलं नाही.

मी म्हटलं, "जुनं झालं गो. मला नाय आठवत."

दुसरं खोटं. पोरगी निघाली. जाताना वाकून दाराशी उलटी झालेली माझी चप्पल सरळ करून गेली.

गुरुवार, २० नोव्हेंबर

लिहिते. कोणाला तरी सांगायला हवं, तर आधी या वहीला.

रूपेशचं नाव मी काढलं.

त्या ऑगस्टच्या सभेनंतर संध्याकाळी बाबांच्या छातीत दुखायला लागलं. दवाखान्यात ठेवलं. पंच तिथेच बाहेर बाकावर बसले आणि ठरवलं — रूपेशला सहा महिने द्यायचे, राग निवू दे, नाव काढायचं नाही. बाबाही आतून हेच म्हणाले. इतिवृत्त मीच लिहिलं. मग बाबांचे कपडे न्यायला घरी आले. घर रिकामं. टेबलावर रजिस्टर. शेजारी मी पेपर तपासायची ते लाल पेन. मला इतका राग आला होता, इतका! बाबा मेले तर याच्यामुळे, एवढंच डोक्यात. पान उघडलं. क्रमांक बावन्न, रूपेश. आडवी रेघ मारली. समोर लिहिलं: 'सभासदत्व रद्द. पंचांच्या ठरावाने.'

ठराव नव्हताच! मला कोणी सांगितलं नव्हतं. दोन मिनिटांचं काम. कपडे पिशवीत भरले आणि गेले.

बाबा आठवड्याने घरी आले. राग तर तेव्हाच गेला होता. मी रजिस्टर उघडलं नाही. वाटलं, बघू, करू काहीतरी. नोव्हेंबरात नवे पाळक आले, ते फार कडक, प्रभूभोजनाआधी यादी बघणारे, नाव नसेल त्याला वगळणारे. नाताळला रूपेश आला. मी पेटीवर होते, गीत चालू होतं. पाळकांनी त्याला आतल्या खोलीत बोलावलं. दार अर्धं उघडं. त्यांनी रजिस्टर त्याच्यापुढे फिरवलेलं मला दिसलं. तो वाकून बघत होता. बराच वेळ. मी पेटी वाजवत राहिले, एक सूर चुकला नाही, एवढं आठवतं. मग तो बाहेर आला, दर्शनाचा हात धरला, कडेवरच्या नेत्रासकट निघून गेला. बाबांना दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला: 'जिथे देऊळ म्हणतात तिथे मी येणार नाय.'

बाबा म्हणाले, म्हणजे शेवटी नावासाठीच! एका शब्दासाठी बापाला सोडलं! आणि मी गप्प राहिले. बोलले असते तर तेव्हाच मिटलं असतं. बारा घरं गेली नसती. त्या पाळकांची बदली झाली, पुढे ते वारले. २००९ मध्ये बाबाही गेले, पोरगा नावासाठी गेला असंच समजून. मातीच्या दिवशी रूपेश फाटकाजवळ उभा होता. लोक पांगल्यावर एकट्याने येऊन माती टाकून गेला.

आणि रूपेश? त्याने आजवर कोणाला विचारलं नाही, माझं नाव कोणी काढलं. समोर लिहिलेलंच होतं, पंचांचा ठराव. पंच म्हणजे बाबा. आपल्या बापाने आपल्याला कापलं असं धरून तो एकोणीस वर्षं जगला असणार. हे माझ्या हातून झालंय. नाव, नाव करून दोन्हीकडचे भांडतात, आणि मी वही उघडून दोन्हीकडचे मुद्दे लिहून घेते! लाज कशी नाही वाटत मला!

वाटते. रोज वाटते. नुसती वाटून काय होतं?

रविवार, २३ नोव्हेंबर

ठरलं. अजून विश्वास बसत नाही.

सभा सुरू झाली तेव्हा कोणाला आशा नव्हती. नेत्राच्या ग्रुपवर एकेचाळीस नावं झाली होती, एकाला पाचाच्या वर मतं नाहीत. आई मधल्या वाटेत, खुर्चीवर. पाळकसाहेब म्हणाले, चिठ्ठ्या टाकू या.

रूपेश उठला. म्हणाला, चिठ्ठ्या नकोत.

"बंधुप्रेम नाव मी ठेवलं. आमच्या चौदा घरांना विचारून आलोय. आम्ही ते सोडतो. आईला आता रिक्षात चढवत नाय. दारावर कोरलंय ते कोरलंय, दगड कशाला फोडायचा? देऊळ राहू दे. खाली मंडळी लिहा. 'शांती देऊळ, ख्रिस्ती मंडळी'. घर बी आलं, माणसं बी आली."

 मग धोंडूबाई म्हणाल्या, "एवडंच करायचं व्हतं तर एकोनीस वर्सं कशाला घालवलीस रे मेल्या?" आणि पदर डोळ्याला लावला. ओमकारने अनुमोदन दिलं. ओमकारने! सगळ्यांनी हात वर केले. आईने दोन्ही.

मला उठून त्याला मिठी मारावी असं वाटत होतं. मी लिहीत होते.

मग तो म्हणाला, "एक अट हाय."

पाळकसाहेब म्हणाले, बोला.

"मला नवा सभासद म्हणून यादीत घालू नका. मी नवा नाय. जुन्या रजिस्टरात बावन्न नंबरला माझं नाव होतं. मला तिथेच पाहिजे. त्याच पानावर."

"रूपेशभाऊ, त्या रजिस्टरला वाळवी लागली. बाई म्हणाल्या."

"उरलं असेल तेवढं आणा," रूपेश म्हणाला. आणि माझ्याकडे बघितलं. पाळकांकडे बघून नाही, सरळ माझ्याकडे. एकोणीस वर्षांनी.

पुढल्या रविवारी प्रभूभोजन आहे. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. त्याआधी यादी पुरी करून द्यायची आहे. आई रिक्षातून येताना गाणं म्हणत होती.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

रजिस्टर काढलं. साड्यांचा वास लागलाय त्याला. पान बावन्नचं उघडलं नाही. दोन दिवस टेबलावर आहे. पाळकसाहेबांचा फोन आला होता, 'बाई, यादीचं कसं?' म्हटलं, परवा देते.

एक सरळ वाट आहे: पान फाडायचं. वाळवीवर सगळं खपेल. रूपेशला नव्या यादीत वरती घालू, समजूत काढू, सगळे खूश. आई खूश. हे मला सुचलं, आणि सुचलं तेव्हा बरंही वाटलं. म्हणजे मी अजून तीच आहे.

नाही. दमले मी आता. पेटी वाजवत बसायला दमले. तो थुंकला तोंडावर तरी चालेल. आई खुर्चीवरच राहील मग, आणि तेही माझ्यामुळेच, पण निदान खरं तरी असेल. गुरुवारी जाते.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

गेले. वर्कशॉपमध्ये, रजिस्टर पिशवीत घालून. पान उघडून पुढे धरलं आणि म्हटलं, ही रेघ माझी. ठराव नव्हता. बाबांनी नाही काढलं तुला, मी काढलं.

त्याने पान बघितलंच नाही. हात पुसत म्हणाला, "ठाव हाय, ताय. नाताळलाच कळलं मला. सहा महिने दिलेत, नाताळला ये, असा बाबांनीच निरोप धाडला होता. म्हणून तर आलो होतो. मग लाल रेघ कोण मारणार? अक्षर तुझंच."

मी रजिस्टर मिटून पिशवीत घातलं. शेवटी विचारलं, मग नावावरून गेलो असं का सांगितलंस सगळ्यांना?

"राग होता गो. अजून हाय थोडा. पण खरं सांगितलं असतं तर बाबांनी तुला दारात उभं केलं नसतं. मला बायको होती, पोर होती, वरची खोली होती. तुला त्यांच्याच घरात राहायचं होतं."